पाळीच्या आधीचे दिवस

माझ्या अंगावर पहिल्यांदा गांधी उठल्या त्या कापूस वेचणीच्या दिवसांत. अंगावर पित्ताच्या लाल, खाजऱ्या चकत्या उठतात, त्यांना आमच्याकडं गांधी म्हणतात. मी डी.एड. होऊन घरी बसले होते आणि नोकरीच्या ऑर्डरची वाट पाहत मायबरोबर रानात जात होते. आमचं गाव अजिंठ्याजवळ. त्या दुपारी आधी मनगटं खाजली. केसाळ अळी फिरली असेल म्हणून मी ओढणीनं पुसलं आणि वेचत राहिले. दिवस मावळेपर्यंत पोट, मांड्या, पाठ सगळं फुलून आलं. वरचा ओठ इतका सुजला की बोलताना शब्द जड पडायला लागले.

मायनं कंदील जवळ आणून पाहिलं. म्हणाली, "पित्त हाय. ऊन लागलं तुला."

तिनं गेरू पाण्यात कालवून अंगभर लावला आणि घोंगडी पांघरायला दिली. घोंगडी टोचायची, पण ते टोचणं खाजेपेक्षा बरं होतं. काही दिवस तसेच गेले. मग मी बाहेर बसले. पाळी आली की आमच्या घरात बायका ओसरीच्या कोपऱ्यात बसायच्या. ताट वेगळं, अंथरूण वेगळं, पाणीसुद्धा वरून ओतायचं. तिथं बसले आणि पाळीचा दुसरा दिवस सरतो न सरतो तोच अंग निवळलं, जसं काही झालंच नव्हतं.

पुढच्या महिन्यात परत तेच. त्याच्या पुढच्या महिन्यात परत. माय म्हणायची, "बाहेर बसलं की तुजं पित्त बसतं बघ. इसावा भेटतो ना जीवाला."

तिच्या डोळ्यांना जे दिसत होतं ते खरंच होतं. पाळी आणि पित्त यांचा काहीतरी संबंध आहे, हे तिला आणि मला एकाच वेळी दिसत होतं. आम्ही फक्त ते उलट्या बाजूनं वाचलं.

घरात मग एकेक खाणं बंद झालं. आधी वांगं, मग शेंगदाणे, मग आंबवलेलं काहीही. भावजय तिचं लेकरू माझ्याजवळ येऊ द्यायची नाही, लागण होईल म्हणून. तिचा दोष नव्हता, तिचं ते पहिलं लेकरू होतं. पण गांधी उठल्या म्हणून ते लेकरू लांब, आणि गांधी बसल्या तेव्हा मी पाळीची म्हणून लांब. महिन्यातले कितीतरी दिवस मला कुणाचा हात लागत नव्हता. एक मायचा गेरूचा हात सोडला तर.

नोकरीची ऑर्डर आली ती औरंगाबादच्या मुलींच्या शाळेची. थोरल्या भावानं, म्हणजे दादानं, औरंगपुऱ्याच्या मागच्या गल्लीत एका घराच्या माडीवर मला खोली पाहून दिली. खाली घरमालक, त्यांची बायको आणि दोन मुली. घरमालकिणीला मी काकू म्हणायचे. काकू गोल चेहऱ्याच्या, बसक्या आवाजाच्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला बजावलं, "एकटीसाठी कुकर लावत जाऊ नकोस संध्याकाळी. आमच्यात दोन पोळ्या जास्त होतात, त्या खायला कुणी लागतंच."

त्या महिन्यात गांधी उठल्या तेव्हा मला एक गोष्ट कळली, जी गावी कधी कळली नव्हती. स्वतःच्या पाठीला स्वतःचा हात पुरा पोचत नाही. खांद्याकडून हात टाकला तरी आणि कमरेकडून टाकला तरी मधला तळहाताएवढा भाग उरतोच. आणि खाज नेमकी तिथंच. मी पलंगाच्या पायाला पाठ घासत होते, तेव्हा काकू पोळ्यांचं ताट घेऊन वर आल्या. दारात क्षणभर उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता ताट उंबऱ्यात ठेवून जातील. त्यांनी ताट स्टुलावर ठेवलं आणि विचारलं, "गेरू आहे का तुझ्याकडं?"

तेव्हापासून दर महिन्याला त्या वर यायच्या. पाठीला गेरू लावता लावता त्यांच्या मुलींच्या तक्रारी सांगायच्या, नळाला पाणी किती वाजता येईल ते सांगायच्या. मी त्यांना पाठमोरी बसलेली असायचे, त्यामुळं माझे डोळे भरले तरी त्यांना दिसायचं नाही.

त्याच वर्षी मला एक स्थळ आलं. मुलगा चितेगावच्या कारखान्यात सुपरवायझर होता. त्याची आई आणि मावशी मला पाहायला आल्या त्या माझ्या चांगल्या दिवसांत. माझं अंग स्वच्छ होतं, चेहराही. त्यांनी चालून दाखवायला सांगितलं नाही की काही नाही. सुपारी फुटली. नंतर त्या दोघी लग्नाचे बस्ते बांधायला शहरात आल्या आणि मला न कळवता, साडी पसंत करायला घेऊन जाऊ म्हणून थेट खोलीवर आल्या. मी त्या दिवशी रजेवर होते. गळ्यापासून कानापर्यंत चकत्या होत्या आणि एक डोळा सुजून अर्धा मिटलेला. दार मीच उघडलं.

मावशी म्हणाली, "अगं बाई. हे काय?"

मी म्हणाले, "पित्त आहे."

दोघी पलंगावर टेकल्या नाहीत. पाणीसुद्धा प्यायल्या नाहीत. "मग बघू," म्हणून उतरून गेल्या.

निरोप येण्याच्या आधी मुलगा स्वतः आला. काकूंनी त्याला खालच्या बैठकीत बसवलं आणि मला बोलावलं. माणूस वाईट नव्हता. तो बशीतला चहा फुंकत राहिला. मग त्यानं विचारलं, "हे जाईल ना?"

"जाईल. चार-आठ दिवसांत."

"आणि परत येईल?"

मी खोटं बोलू शकले असते. लग्न पंधरवड्यावर होतं, आणि पंधरवड्यात माझं अंग आरशासारखं झालं असतं. पण समोरचा माणूस सरळ विचारत होता. मी म्हणाले, "येतं परत."

त्यानं मान हलवली, चहा संपवला, कपबशी खाली ठेवताना आवाज होऊ दिला नाही आणि गेला. स्थळ मोडलं. पुढं दादानं आणलेल्या स्थळांना ही बातमी माझ्या आधी पोचायची.

इलाज मी करत होते. सरकारी दवाखान्यात त्वचेचा विभाग होता. पण गांधी उठायच्या तेव्हा तोंड घेऊन बाहेर पडवायचं नाही, आणि शाळेतून रजा मिळून रांगेत नंबर लागेपर्यंत पाळी येऊन अंग निवळलेलं असायचं. तिथले डॉक्टर माझा हात उलटासुलटा करून म्हणायचे, "कुठं आहे? मला तर काही दिसत नाही." मी खजील होऊन खाजेच्या गोळ्या घ्यायचे आणि परतायचे. त्या गोळ्यांनी वर्गात झोप यायची. एकदा फळ्यावर वाक्य लिहिता लिहिता मी थांबले आणि पुढचा शब्दच आठवेना. मुली हसल्या नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

मग तिथं एक नवीन डॉक्टरीणबाई आल्या. वयानं माझ्याएवढ्याच असतील. त्यांनीही हात पाहिला, तिथं काहीच नव्हतं. पण त्या "दिसत नाही" म्हणाल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "शेवटचं कधी उठलं होतं?"

"मागच्या आठवड्यात."

"आणि पाळी कधी आली?"

पडद्याच्या आत शिकाऊ डॉक्टर पोरं उभी होती. मी खाली पाहत राहिले. बाईंनी पोरांना बाहेर काढलं आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला. मी सांगितलं. त्याच्या आधीच्या महिन्याचं विचारलं, तेही सांगितलं. मी सांगत गेले आणि माझं मलाच ऐकू येत गेलं. प्रत्येक वेळी आधी गांधी, मग पाळी, मग आराम. एवढी वर्षं ते माझ्या अंगावर लिहिलेलं होतं.

पुढच्या खेपेला त्यांनी माझ्या हाताच्या आतल्या बाजूला कातडीत अगदी बारीक सुई दिली. बाकावर बसून वाट पाहायला सांगितलं. त्या जागी आधी लाल ठिपका आला, मग तो फुगला, मग भोवती सगळं पेटल्यासारखं झालं. बाई वाकून पाहत होत्या आणि मला त्यांचा आनंद जाणवत होता, कोडं सुटल्याचा.

त्या म्हणाल्या, "बघा, पाळीच्या आधीच्या पंधरवड्यात प्रत्येक बाईच्या शरीरात एक द्रव्य वाढतं. हार्मोन म्हणतात त्याला. आत्ता सुईतून तेच थेंबभर दिलं. पाळी आली की ते उतरतं. तुमच्या शरीराला तुमचंच ते द्रव्य सोसत नाही. तुमच्या खाण्यात काही नाही, उन्हात काही नाही. आणि हे कुणाला लागत नाही."

"बरं होतं का?"

"वय होऊन पाळी गेली की जातं. तोवर दाबून ठेवता येईल, असं वाटतं. खात्री देत नाही." मग त्या जरा थांबल्या. "गोळ्या लिहून देते. कशाच्या आहेत ते सांगते, म्हणजे पाकीट पाहून घाबरणार नाही. मूल होऊ नये म्हणून बायका घेतात त्याच गोळ्या आहेत. त्यांनी महिन्याचं ते चक्रच थांबतं, म्हणून."

मी त्यांना सांगितलं की माझं लग्न झालेलं नाही. त्या म्हणाल्या, "माहीत आहे मला. औषध आहे हे. औषधासारखं घ्या."

दवाखान्याच्या फाटकाबाहेर आल्यावर मी रिक्षा केली नाही. चालत राहिले. एवढ्या वर्षांनी दुखण्याला कारण मिळालं होतं, त्याचा आनंद व्हायला हवा होता, आणि थोडा झालाही. पण ते कारण घेऊन मी कुणाकडं जाणार होते? वांगं सोसत नाही, असं माणसाला चारचौघांत सांगता येतं. हे कुणाला सांगायचं, आणि कोणत्या शब्दांत?

औरंगपुऱ्यातले सगळे औषधवाले मला शाळेच्या बाई म्हणून ओळखत होते. म्हणून मी लांबच्या मोहल्ल्यात गेले. काउंटरवर एक दाढीवाले बुजुर्ग होते. चिठ्ठी वाचून त्यांनी माझ्या गळ्याकडं पाहिलं, मग नजर वळवली. "किसके लिए होना बाजी?" मी म्हणाले, "भाभी के लिए." त्यांनी पुडी कागदात गुंडाळून दिली.

पहिल्या महिन्यात गांधी उठल्या, पण कमी. दुसऱ्या महिन्यात मनगटावर थोड्या. तिसऱ्या महिन्यात काहीच नाही. मी रोज सकाळी उठून दंड तपासायचे, पोट तपासायचे, आणि काहीच नसायचं. एका रविवारी मी बाजारातून भरताचं मोठं वांगं आणलं, स्टोव्हवर भाजलं, हिरवी मिरची आणि लसूण ठेचून भरीत केलं आणि वाटीभर खाली काकूंना नेऊन दिलं. काकू म्हणाल्या, "तुला तर चालत नाही ना वांगं?" मी म्हणाले, "आता चालतं. नवीन औषध लागू पडलं." त्या मनापासून खूष झाल्या. तेव्हाच सगळं सांगायला हवं होतं, असं पुढं वाटत राहिलं. पण त्यांची धाकटी मुलगी तिथं अभ्यास करत बसली होती.

दिवाळीच्या सुटीत मी गावी गेले. काकूंकडं माझ्या खोलीची दुसरी किल्ली असायची. त्यांनी मायेनंच माझी खोली झाडून घेतली, फडताळातले कागद बदलले. पुडी त्या कागदाखाली होती.

मी परतले तेव्हा काकू ओट्यावर उभ्या होत्या. बोलल्या नाहीत. संध्याकाळी पोळ्या आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मुलींपैकी कुणी वर आलं नाही. जिन्यात समोर आले की काकू भिंतीकडं सरकून मला वाट द्यायच्या. मला वाटलं, घरात काही झालं असेल. मग फडताळ उघडलं, नवा कागद दिसला आणि पुडी वर ठेवलेली दिसली, अगदी सरळ, कुणी मुद्दाम ठेवावी तशी.

त्याच आठवड्यात दादा आला. घरमालकांनी त्याला बोलावून घेतलं होतं. तो खोलीत आला, दार लावलं आणि उभाच राहिला.

"काय हाय ते?"

"औषध हाय, दादा. गांधीचं."

"मला काय कळंना व्हय? भावजय घेती तुजी ह्याच गोळ्या."

"त्याच हायेत. पण माझ्या गांधी पाळीच्या आधी उठत्यात. डॉक्टरीणबाईनं तपासून सांगितलंय. तू चल माझ्यासंगं उद्या दवाखान्यात. त्याच सांगतील तुला."

पाळी हा शब्द मी त्याच्यासमोर आयुष्यात पहिल्यांदा उच्चारला. तो एकदम खिडकीकडं वळला. त्याचे कान लाल झाले होते. "असलं मी बाईमाणसाला इचारायला जाऊ?"

"मग माझ्यावर इश्वास ठेव."

त्यानं खिडकीचा गज धरला. जरा वेळानं म्हणाला, "नोकरी सोड. चल घरी."

"नाय, दादा."

"लोक काय म्हणतेल, ठाव हाय का तुला?"

"मी काय केलंच नाय तर काऊन सोडू?"

त्यानं पुडी उचलली, खाली जाऊन मोरीत टाकली आणि तसाच एस.टी. स्टँडकडं निघून गेला. चहासुद्धा घेतला नाही. मी खिडकीतून पाहत होते. गल्लीच्या तोंडाशी तो थांबला, टोपी काढून घाम पुसला, पुन्हा घातली आणि दिसेनासा झाला.

मी काकूंकडं गेले. त्या तांदूळ निवडत होत्या. मी समोर बसून सगळं सांगितलं, सुईचं, हार्मोनचं, पाळीचं. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, "असेल बाई."

मी वाट पाहत राहिले.

"पण आमच्याही घरात पोरी आहेत. दुसरीकडं पाहून घे."

त्या चिडून बोलल्या असत्या तर मी भांडले असते. त्यांच्या त्या 'असेल'शी भांडता येत नव्हतं. माझ्या पाठीवरची एकेक चकती त्यांच्या बोटांना माहीत होती. एवढी वर्षं वाटत होतं की अंग पाहून माणसं लांब जातात. काकू अंग पाहून जवळ आल्या होत्या, आणि अंग स्वच्छ झाल्यावर गेल्या.

मी शहराच्या कडेला नवीन वसाहतीत खोली घेतली. आजूबाजूला अर्धवट बांधकामं, पाण्याचा टँकर आणि वारा. तिथं कुणी कुणाला ओळखत नव्हतं. गोळ्या पुन्हा सुरू केल्या. शाळा, खोली, रविवारचा बाजार. दादाचा राग घरात सगळ्यांनी वाटून घेतला होता, म्हणून सणाला बोलावणं येईना.

माय एकदाच आली. दादाला न सांगता, गावातल्या कुणाच्या तरी सोबतीनं एस.टी.नं. दारात उभी राहून आधी खोली पाहिली, मग मला. "वाळलीस," म्हणाली. भाकरी खाऊन झाल्यावर मी तिला सगळं सांगितलं. हार्मोन हा शब्द टाळला. म्हणाले, "बाहेर बसायच्या आदी बाईच्या अंगात एक रस चढतो, माय. पाळी आली की उतरतो. तो रस मला सोसत नाय."

तिनं विचारलं, "म्हंजी तुजंच तुला सोसंना?"

"व्हय."

ती बराच वेळ पायाच्या बोटातली जोडवी फिरवत बसली. मग म्हणाली, "मला दिसत व्हतं की गं. दर खेपेला दिसत व्हतं. मी म्हणायची, इसाव्यानं बसतं." आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. मी तिला कितीदा सांगितलं की शिकलेल्या डॉक्टरांनाही ते कळलं नव्हतं. ती ऐकेना. निघताना तिनं पिशवीतून गेरूचा खडा काढून खिडकीत ठेवला. मी म्हणाले, आता लागत नाही. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे."

लागला. काही वर्षांनी माझं डोकं फार दुखायला लागलं, रक्तदाब वाढला आणि गोळ्या बंद कराव्या लागल्या. त्या डॉक्टरीणबाईंची तोवर बदली झाली होती. गांधी परत आल्या. मी लाकडी डावाच्या दांड्याला मऊ फडकं बांधून पाठीला गेरू लावायला शिकले. रजा कधी टाकायची, लग्नाची आमंत्रणं कोणत्या सबबीवर नाकारायची, हेही अंगवळणी पडलं. शाळेतल्या बाया मला माणूसघाणी म्हणायच्या. मी त्यांना चुकीचं म्हणणार नाही. मायच्या शेवटच्या दिवसांत मी गावी होते, तेव्हाही माझं अंग फुललेलं होतं. सगळ्यांना वाटलं, रडून तोंड सुजलंय.

पाळी गेली तेव्हा गांधीही गेल्या, बाई म्हणाल्या होत्या तशाच. कुठला एक दिवस असा सांगता येणार नाही. बरेच महिने मी वाट पाहिली. मग वाट पाहायची विसरून गेले, आणि त्यानंतर एकदा विसरल्याचं लक्षात आलं. त्या संध्याकाळी मी घरात उगीचच फिरत राहिले. माझ्याच वयाच्या बाया पाळी गेल्यावर खिन्न होतात असं ऐकलं होतं. मी खिन्न नव्हते. पण सुटका झाली म्हणून हसावं, तर समोर कुणी हवं.

त्या हिवाळ्यात शाळेची सहल अजिंठ्याला निघाली. इतक्या वर्षांत मी एकाही सहलीला गेले नव्हते. या वेळी स्वतः नाव दिलं. मुलींना लेणी दाखवून झाली. परतताना बस अजिंठा गावात चहाला थांबली. मुली खाली उतरून बोरं घ्यायला धावल्या. मी पुतण्याला फोन केला होता, पण दादा येईल असं वाटलं नव्हतं. तो हॉटेलाच्या बाहेर बाकावर बसला होता. पांढऱ्या मिशा, हातात काठी, शेजारी सीताफळांची पिशवी.

मी त्याच्या शेजारी बसले. पीकपाण्याचं झालं, नातवंडांचं झालं. मग तो रस्त्याकडं पाहत म्हणाला, "अंग कसं हाय तुजं आता?"

"गेलं, दादा ते."

"कशानं?"

"वयानं. पाळी गेली तसं गेलं."

या वेळी तो वळला नाही. काठीनं मातीत एक रेघ ओढली, मग पायानं पुसली. "माय मरायच्या आदी म्हणली व्हती मला," तो म्हणाला. पुढं काय म्हणाली होती, ते त्यानं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. दादानं पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "पिकल्याली हायेत. आजच खाय."

बसमध्ये मी पुढच्या सीटवर एकटीच होते. मागं मुली गाण्याच्या भेंड्या खेळत होत्या. फुलंब्रीच्या अलीकडं अंधार पडला, तेव्हा मी पिशवी मागं पाठवून दिली आणि एक फळ स्वतःला ठेवलं.